सरकत्या दारापलीकडची चाळीस पावलं

मुंबईहून रात्री निघालेलं विमान पहाटे बँकॉकला उतरतं. घड्याळ दीड तास पुढे करायचं असतं, झोप झालेली नसते, इमिग्रेशनच्या रांगेत पाय भरून आलेले असतात आणि सामानाच्या पट्ट्यावर सगळ्यात शेवटी येणारी बॅग आपलीच असते. मग कस्टमचं सरकतं दार उघडतं. समोर हातात पाट्या घेतलेल्या माणसांची भिंत, आणि त्या गर्दीतून एक जण नेमका आपल्याकडे हसत येतो. पांढरा शर्ट, टाय, गळ्यात प्लास्टिकचं ओळखपत्र. "टॅक्सी, सर? इंडिया? वेलकम, वेलकम!"

हा आपला ड्रायव्हर नव्हे. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. नियमाने धंदा करणारा टॅक्सीवाला बाहेर रांगेत, आपल्या गाडीपाशी असतो. रांग सोडून तो इमारतीत गिऱ्हाईक शोधत हिंडू लागला तर त्याचा नंबर जाईल. इमारतीत जो भेटतो तो दलाल. त्याच्यामागे गाडीचा मालक, कमिशन आणि कधी कधी पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर उभी असलेली खासगी गाडी असते.

आमच्या पहिल्या खेपेला मी, बायको आणि माझी दादरची मावशी असे तिघं होतो. मी त्या टायवाल्याच्या मागोमाग निमूट चालायला लागलो होतो. बाराशे बाथ, 'फिक्स प्राइस'. मावशीने ट्रॉली थांबवली.

"अरे, मीटरने येतो का विचार की त्याला."

"मावशी, हे दादर स्टेशन नाहीये."

"म्हणून तर विचार म्हणते."

विचारलं. त्याचं हसू गेलं. मीटर बिघडलंय म्हणाला, मग ट्रॅफिक फार आहे म्हणाला, मग हजारावर आला. तोवर मावशी ट्रॉली घेऊन सरकत्या जिन्याच्या दिशेने निघाली होती. एक मजला खाली उतरून, रांगेत उभं राहून मिळालेल्या टॅक्सीने हॉटेलपर्यंत टोल धरून चारशेच्या आसपास भाडं झालं. एक बाथ म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन रुपये. फरक किती झाला हे मावशीने दुपारी जेवताना काढलं आणि पुढचे पाच दिवस काढत राहिली.

एक मजला खाली

बँकॉकचं उदाहरण मी मुद्दाम घेतोय. आपल्याकडची बरीच कुटुंबं पहिला परदेश पाहतात तो हाच, आणि इथली टॅक्सीची व्यवस्था खरं तर चांगली आहे. फसतो तो व्यवस्थेपर्यंत न पोहोचलेला माणूस.

सुवर्णभूमी विमानतळ २००६ साली सुरू झाला. नाव आपल्या ओळखीचं असलं तरी थाई माणूस ते 'सुवन्नाफूम' असं उच्चारतो. परतीच्या दिवशी टॅक्सीत हे उपयोगी पडेल. आपण बाहेर पडतो तो दुसरा मजला. मीटरच्या सार्वजनिक टॅक्सी पहिल्या मजल्यावरून सुटतात. मधल्या एका मजल्याच्या अंतरात दलालांचं पोट चालतं, म्हणून ते तुम्हाला वरच गाठतात. वरच्या मजल्यावर लिमोझिनचे काउंटर दिसतील. ते अधिकृत आहेत, पैसे देऊन पावती मिळते. फक्त भाडं मीटरच्या मानाने बरंच जास्त असतं. लहान मूल खांद्यावर झोपलंय आणि रांग नकोच असं वाटत असेल तर खुशाल घ्या. त्याला फसवणूक म्हणता येणार नाही, ती सोय आहे आणि सोयीचे पैसे पडतात.

पहिल्या मजल्यावर दाराबाहेर टोकन देणारी यंत्रं असतात. लहान गाडी हवी की मोठी, ते निवडायचं. चिठ्ठी बाहेर येते. चिठ्ठीवर मोठ्या आकड्यात रांगेचा नंबर असतो. त्या नंबरखाली उभ्या असलेल्या गाडीकडे आपण जायचं. दोन मोठ्या बॅगा आणि चार माणसं असतील तर लहान गाडीचं टोकन घेऊन मग ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका. बऱ्याच टॅक्सी गॅसवर चालतात, डिकीत सिलिंडर असतो आणि दुसरी बॅग खरंच बसत नाही.

ती चिठ्ठी जपून ठेवा. तिच्यावर गाडीचा आणि ड्रायव्हरचा तपशील असतो आणि तक्रार करायची वेळ आली तर हातात असणारा एकमेव पुरावा तोच. काही ड्रायव्हर गाडीत बसल्या बसल्या "पेपर, पेपर" करत हात पुढे करतात. दाखवा, पण देऊ नका. निदान मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय देऊ नका. फोटो त्याच्या देखत काढला तर आणखी बरं. ओरडून, बजावून जे होत नाही ते एका फोटोने होतं.

गाडी सुटली की मीटरकडे बघा. लहान गाडीचं मीटर ३५ बाथपासून सुरू होतं, मोठ्या गाडीचं ४० पासून. आकडा आधीच शंभरच्या पुढे असेल, किंवा मीटर बंद ठेवून ड्रायव्हर "फाइव्ह हंड्रेड, ओके?" म्हणत असेल, तर गाडी विमानतळाच्या आवारात असतानाच बोट दाखवून एकच शब्द म्हणा: मीटर. थाई भाषेतही शब्द तोच आहे. ऐकलं नाही तर तिथेच उतरा आणि रांगेवरच्या कर्मचाऱ्याला चिठ्ठी दाखवा. हायवेला लागल्यावर उतरता येत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

एक अपवाद सांगायला हवा. पट्टायासारख्या बँकॉकबाहेरच्या गावाला जाताना ड्रायव्हर ठरावीक रक्कम मागतात आणि तीच रीत आहे. तिथे घासाघीस करा, पण टोल धरून की सोडून, एवढं आधी विचारा. याच पहिल्या मजल्यावरून पट्टायाची बसही सुटते. दोनच माणसं असाल तर टॅक्सीचा विचारही करू नका.

कशाचे पैसे रास्त, कशाचे नाहीत

परदेशातून परतलेली मंडळी 'आम्हाला गंडवलं' म्हणून जे किस्से सांगतात, त्यातल्या निम्म्या वेळा त्यांना कुणीच गंडवलेलं नसतं. मीटरवर २८० आले आणि त्याने चारशेच्या वर घेतले, अशी तक्रार घेऊन एक शेजारी माझ्याकडे आले होते. हिशेब केला. सुवर्णभूमीवरून निघणाऱ्या टॅक्सीला मीटरच्या वर ५० बाथ विमानतळाचा आकार असतो. शहरात शिरताना एक्स्प्रेसवेवर दोन नाके लागतात, दोन्ही मिळून ७५ बाथच्या आसपास. तो टोल प्रवाशाने द्यायचा. झाले की चारशे पाच! ड्रायव्हरने सुट्टे नाहीत म्हणून वरचे पाच-दहा ठेवले असतील. त्या बिचाऱ्याला या शेजाऱ्यांनी पाच दिवस चोर ठरवलं होतं.

अशा रास्त जादा आकारांची माहिती आधीच असली की दोन फायदे होतात. उगाच भांडण होत नाही, आणि त्याहून जास्त कुणी मागितलं की लगेच कळतं. दुबईत शहरात कुठेही टॅक्सी धरली तर मीटर थोडक्यापासून सुरू होतं, पण विमानतळावरून निघालेल्या टॅक्सीचं २५ दिरहॅमपासूनच सुरू होतं. ती लबाडी नव्हे, नियम आहे. सिंगापूरला चांगी विमानतळाचा वेगळा आकार आहे आणि मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत भाडं दीडपट होतं. मुंबईत रात्री बारानंतर सव्वापट देणाऱ्याला याचं नवल वाटायला नको.

टोलच्या बाबतीत एक युक्ती मात्र पाहिलेली आहे. ड्रायव्हर सुरुवातीलाच "हायवे?" विचारून दोनशे-तीनशे बाथ मागून घेतो आणि उरलेल्याचं पुढे नाव काढत नाही. आधी एकरकमी देऊ नका. नाका आला, पाटीवरचा आकडा दिसला की तेवढेच द्या. त्यासाठी शंभराच्या आणि विसाच्या नोटा जवळ हव्यात. हजाराची नोट दिलीत की 'नो चेंज' हे उत्तर ठरलेलं. विमानतळावरच्या दुकानात पाण्याची बाटली घ्या, नोट आपोआप मोडली जाते.

अर्धं काम घरी

सरकत्या दाराबाहेर पाऊल टाकताना डोकं चालत नसतं. रात्रीचं जागरण, कानात अजून विमानाचा दडा, मुलाला भूक, नेटवर्क नाही. दलाल आपल्याला नेमका त्या क्षणी भेटतो, आणि तो क्षण त्याने विचार करून निवडलेला असतो. म्हणून निर्णय घरी, चहा पीत घ्यावेत. तिथे नुसती अंमलबजावणी.

पहिलं म्हणजे कोणत्या विमानतळावर उतरणार ते तिकिटावर बघा. बँकॉकला दोन विमानतळ आहेत. स्वस्त कंपन्यांची बरीच विमानं डॉन मुआंगला उतरतात. तिकिटावर बीकेके लिहिलंय की डीएमके, हे न पाहता सुवर्णभूमीवर गाडी मागवून ठेवलेली माणसं मला माहीत आहेत. गाडी एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला, आणि मग दलालाच्या हातात अलगद.

दुसरं, हॉटेलचा पत्ता. आपण तो इंग्रजीत छापून नेतो आणि ड्रायव्हर कागद उलटसुलट करून बघतो. हॉटेलला एक ओळीचा ईमेल टाका: नाव, पत्ता आणि फोन तुमच्या भाषेत पाठवा. थाई, व्हिएतनामी, अरबी, जी असेल ती. त्याची कागदावर छापील प्रत घ्या, कारण मोबाइलची बॅटरीही तेव्हाच संपते. फोन नंबर सगळ्यात महत्त्वाचा. गोंधळलेला ड्रायव्हर हॉटेलला फोन लावतो आणि रिसेप्शनवरची मुलगी त्याला त्याच्या भाषेत वाट सांगते. शिवाय हॉटेलवाले आपली वाट बघताहेत, हे त्यालाही समजतं.

तिसरं, ॲप. आग्नेय आशियात ग्रॅब नावाचं ॲप बहुतेक देशांत चालतं. उबरने २०१८ मध्ये तिथला धंदा ग्रॅबला विकला, त्यामुळे उबर उघडून बसलात तर थायलंड-व्हिएतनाममध्ये गाडी येणार नाही. ग्रॅब घरीच उतरवून घ्या आणि आपल्या भारतीय नंबरवर येणारा ओटीपी इथेच घालून खातं सुरू करा. परदेशात रोमिंग बंद असलेल्या नंबरवर ओटीपी येत नाही आणि मग विमानतळाच्या वाय-फायवर बसून माणूस हताश होतो. पैसे रोख देण्याचीही सोय ॲपमध्ये असते. कार्ड जोडणार असाल तर आणखी एक गोष्ट: रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून दिली जातात. परदेशी व्यवहाराचं बटण बँकेच्या ॲपमध्ये आपल्याला स्वतः चालू करावं लागतं. मर्यादाही तिथेच घाला, म्हणजे पुढे काही गडबड झालीच तर नुकसान तेवढ्यावर थांबतं.

चौथं म्हणजे थोडे पैसे त्या देशाच्या चलनात इथूनच न्यावेत. फार नाही, पहिली टॅक्सी आणि पहिला चहा होईल एवढे. थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की दर वेळी दोनशे बाथहून जास्त शुल्क कापलं जातं. डॉलर बदलायचेच असतील तर सुवर्णभूमीच्या तळघरात, रेल्वे स्टेशनाजवळचे काउंटर वरच्या मजल्यांपेक्षा बरा दर देतात.

आणि तळघरात उतरलाच आहात तर रेल्वेचाही विचार करा. एअरपोर्ट रेल लिंक तिथूनच सुटते. अर्ध्या तासाच्या आत फाया थाई स्टेशन, तिकीट ४५ बाथ; तिथून स्काय ट्रेन मिळते. अलीकडच्या मक्कासान स्टेशनवरून मेट्रो. चर्चगेट-विरार केलेल्या माणसाला यात अवघड काही नाही, आणि ट्रेनमध्ये मीटरची भानगडच नाही. पहाटेच्या गाड्या सुरू होईपर्यंत थांबावं लागलं तर कॉफी घ्या. मात्र तीन सुटकेसी आणि गुडघे दुखणारी आई असेल तर टॅक्सीच घ्या. पैसे वाचवण्याच्या नादात आईला जिने चढायला लावू नका.

निळ्या नोटा

बँकॉकमध्ये धोका टॅक्सीपर्यंत पोहोचण्याआधी असतो, तर व्हिएतनाममध्ये तो टॅक्सीत बसल्यावरही संपत नाही. मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून आपली माणसं हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला भरपूर जाऊ लागली आहेत, म्हणून हे सविस्तर सांगतो.

तिथल्या नोटांवरची शून्यं पाहूनच आपण गांगरतो. वीस हजारांची नोट निळी, आणि पाच लाखांचीही निळसरच. वीस हजार डाँग म्हणजे आपले सत्तर रुपयेही नाहीत. पाच लाख म्हणजे साधारण सतराशे. रात्रीच्या अंधारात, टॅक्सीच्या मागच्या सीटवर, ड्रायव्हर घाई करत असताना ही गल्लत अगदी सहज होते. कधी ती आपण करतो, कधी तो घडवून आणतो: आपण पाच लाखांची नोट देतो, तो क्षणात हातातली वीस हजारांची पुढे करून म्हणतो, ही दिलीत तुम्ही. मी हनोईत याच पद्धतीने फसलो आहे. नोट माझ्याच हातातून गेली होती, तरी दोन मिनिटांनी मलाच शंका यायला लागली की मी खरंच कोणती दिली होती. सगळा खेळ त्या शंकेवर चालतो.

उपाय साधा आहे. विमानात बसूनच नोटा वेगळ्या करा: मोठ्या पाकिटात, लहान वरच्या खिशात. देताना नोट उजेडात धरून रक्कम तोंडाने मोठ्याने म्हणा. "फाइव्ह हंड्रेड थाउजंड." वेड्यासारखं वाटेल, वाटू द्या. गाडीतला दिवा लावायला सांगायलाही हरकत नाही.

दुसरी गल्लत मीटरवरच्या आकड्याची. तिथली मीटरं बहुधा शेवटची शून्यं गाळून आकडा दाखवतात. १५० दिसलं तर ते दीड लाख डाँग. नवखा माणूस पंधरा लाख देऊन मोकळा होतो. हो ची मिन्ह सिटीच्या मध्यभागापासून तान सोन न्यात विमानतळ जेमतेम सात-आठ किलोमीटरवर आहे, म्हणजे दीड-दोन लाखांच्या पुढे सहसा जायला नको. विमानतळाच्या फाटकाचा छोटा टोल वर. हनोईचा नोई बाई विमानतळ मात्र शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर लांब, तिथे हे गणित चालणार नाही.

व्हिएतनाममध्ये नावाजलेल्या टॅक्सी कंपन्या दोन, विनासन आणि माय लिन्ह. त्यांच्या गाड्या नीट चालतात, आणि म्हणूनच त्यांच्यासारखा रंग आणि एखाद्या अक्षराचा फरक करून रंगवलेलं नाव घेऊन नकली गाड्या फिरतात. आपल्याकडे नामांकित ब्रँडचं नाव एक अक्षर बदलून विकणारी दुकानं असतात ना, तसंच. माय लिन्हच्या गाड्या हिरव्या, विनासनच्या पांढऱ्या; दारावर लिहिलेलं नाव अक्षर अक्षर वाचून मग बसा. २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या फिरोजी रंगाच्या टॅक्सीही दिसतात, त्यांचं ॲप वेगळं आहे. नावाचं पहिलं अक्षर एक्स, उच्चार साधारण 'सान'. ॲपवरून मागवलेल्या गाडीचं भाडं आधीच ठरलेलं असल्यामुळे मी तिथे तोच मार्ग पत्करतो.

ॲपलाही दलालांनी वाट काढली आहे. विमानतळाबाहेर हातात मोबाइल घेऊन "ग्रॅब? ग्रॅब?" विचारणारी माणसं उभी असतात. ग्रॅबचा ड्रायव्हर गिऱ्हाईक शोधत नाही. त्याला तुमचं नाव दिसतं आणि तुम्हाला त्याच्या गाडीचा नंबर. नंबर प्लेट जुळली नाही तर बसायचं नाही. 'ती गाडी बंद पडली, ही घ्या' असं सांगितलं तरीही नाही. पाटीवाल्यांच्या बाबतीतही हीच खबरदारी घ्या. आपण उत्साहाने पुढे होऊन "यू फ्रॉम हॉटेल अमुक?" असं विचारतो. तो अर्थातच हो म्हणतो. प्रश्न उलटा टाका: कोणाला न्यायला आलास, कुठल्या हॉटेलात सोडणार? पाटीवरचं नाव दुरून वाचून तसाच कागद लिहून आणणारेही असतात, त्यामुळे नुसती पाटी पुरेशी नाही.

हनोईत आणखी एक गंमत. एकाच नावाची चार-पाच हॉटेलं एकाच भागात असतात. ड्रायव्हर भलत्याच दारात नेतो, तिथला माणूस हसून सामान उचलतो, खोलीही दाखवतो. 'तुमचं हॉटेल भरलंय', 'तिथे पाणी नाही', 'आग लागली' ही कारणं तर आशियाभर चालतात. उत्तर एकच: मला हॉटेलला फोन लावून दे. फुकेतच्या मिनी व्हॅनमधला थांबाही असाच. गाडी वाटेत एका ट्रॅव्हल एजंटच्या कचेरीसमोर थांबते, सगळ्यांना उतरवून सहली विकायचा प्रयत्न होतो. इथे फसवण्यापेक्षा वेळ खाणंच जास्त. गाडीतच बसून राहा, दहा मिनिटांत ती सुटते.

जिथे भाडं ठरलेलं आहे

काही शहरांनी या कटकटीवर नामी तोडगा काढलाय: विमानतळ ते शहर एकच दर. पॅरिसने १ मार्च २०१६ पासून शार्ल द गोल विमानतळासाठी तो लागू केला. सीन नदीच्या उजव्या काठाला ५० युरो, डाव्या काठाला ५५. आता त्यात वाढ झाली आहे, पण पद्धत तीच, आणि दर टॅक्सीत लिहिलेला असतो. आपलं हॉटेल नदीच्या कोणत्या काठावर एवढंच आधी पाहून ठेवायचं. न्यू यॉर्कला जेएफके ते मॅनहॅटन २०२२ च्या डिसेंबरपासून ७० डॉलर, वर टोल, अधिभार आणि टिप. ठरलेला दर माहीत असेल तर दलालाचा आकडा ऐकताच हसू येतं.

हे दोन आकडे मी मुलामुलींकडे अमेरिकेला-युरोपला एकटे जाणाऱ्या आईवडिलांसाठी मुद्दाम देतोय. मुलगी न्यायला येणार असते, ट्रॅफिकमध्ये अडकते, फोन लागत नाही आणि सत्तरीचे बाबा दारात उभे. "मिस्टर कुलकर्णी? युअर डॉटर सेंट मी" असं कुणीही म्हणू शकतं, कारण बॅगेवर नाव मोठ्या अक्षरात चिकटवलेलं असतं. बॅगेवर बाहेरून दिसेल असं पूर्ण नाव लावू नका. घरच्यांनी आधीच एक खुणेचा शब्द ठरवावा, मांजराचं नाव, जुन्या वाड्याचं नाव, काहीही. जो तो शब्द सांगेल त्याच्यासोबतच जायचं. उशीर झाला तर दाराच्या आतच, चौकशीच्या खिडकीसमोर बसून राहायचं, बाहेर यायचं नाही. "बाबा, आहात तिथेच थांबा" एवढं वाक्य तिकीट काढायच्या दिवशीच सांगून ठेवा.

गाडीत बसण्या-उतरण्याची एक शिस्त घरातल्या सगळ्यांना लावा. पासपोर्ट, पैसे, औषधं डिकीत नाहीत, मांडीवर. बसताना आधी बॅगा डिकीत जातात आणि मग माणसं बसतात. उतरताना उलटं: एक जण सीटवर बसून राहतो, दुसरा उतरून बॅगा मोजून बाहेर काढतो, मग पैसे. गाडीत कुणी असेपर्यंत ड्रायव्हर निघून जात नाही. भाडं बोलून ठरवलं असेल तर ते सगळ्यांचं मिळून की माणशी, हे बोटांनी दाखवून पक्कं करा. 'फाइव्ह हंड्रेड' ठरवून चार जण उतरल्यावर 'पर पर्सन' ऐकायला मिळणं हा कुटुंबांना येणारा नेहमीचा अनुभव आहे. चलन कोणतं, तेही. पन्नास म्हणजे पन्नास काय? कार्डाने पैसे देताना यंत्रावर रक्कम स्वतः वाचा, आणि रुपयांत की स्थानिक चलनात असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर यंत्रवाल्याचा लागतो.

तरीही फसलात तर

होतं असं. २००५ साली प्रागच्या टॅक्सीवाल्यांबद्दल इतक्या तक्रारी आल्या की तिथले महापौर पावेल बेम वेश बदलून, इटालियन पर्यटक बनून स्वतः टॅक्सीत बसले. त्यांच्याकडूनही रीतसर भाड्याच्या कित्येक पट पैसे घेतले गेले. स्वतःच्या शहरात महापौराला टोपी घातली जाते, तर आपण कोण!

रात्रीच्या वेळी, निर्जन रस्त्यावर, घरची माणसं सोबत असताना भांडू नका. आवाज चढवू नका, गाडी हॉटेलच्या दारापर्यंत जाऊ द्या. तिथे उजेड असतो, दरवान असतो, भाषा जाणणारं कुणी असतं. बॅगा उतरवून घ्या, आणि मग रिसेप्शनवरच्या माणसाला बोलावून भाड्याचं बोलणं करा. मागितलेला आकडा तिथेच अर्ध्यावर येताना मी पाहिला आहे. नाहीच आला आणि फरक दोन-चारशे रुपयांचा असेल तर देऊन टाका, झोपा. हजारांत असेल तर सोडू नका. गाडीचा नंबर लिहून घ्या. थायलंडच्या टॅक्सीत मागच्या दाराच्या आतल्या बाजूला नंबर लावलेला असतो आणि पुढे डॅशबोर्डवर ड्रायव्हरचा फोटो. बसल्या बसल्या दोन्ही टिपून ठेवलेत तर उतरल्यावर धावपळ होत नाही.

तक्रार करायची तर थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे, इंग्रजीत बोलता येतं. टॅक्सीच्या तक्रारींसाठी तिथल्या परिवहन खात्याचा १५८४. हे दोन्ही आकडे इथून निघण्यापूर्वीच फोनमध्ये घालून ठेवा, आणि बँकेच्या ॲपमधलं ते परदेशी व्यवहाराचं बटणही आजच बघून घ्या.